‘एवढं काही नाहीये’ची दोन वर्षं

बाथरूममधला बल्ब गेला होता आणि मी जवळपास दोन महिने अंधारात आंघोळ करत होतो. नवा बल्ब घरातच होता, कपाटात, कुठल्या खणात तेही माहीत होतं, फक्त स्टूल घ्यायचं, वर चढायचं, जुना काढायचा नि नवा लावायचा, आणि तेवढं काम रोज उद्यावर जायचं. आळस म्हणाल तर ऑफिसचं काम मी नीट करत होतो (म्हणजे नीट दिसेल इतपत करत होतो), त्यामुळे यात काही विचित्र आहे असं मला स्वतःलाही वाटलं नाही. मग ताई चार दिवस राहायला आली, पहिल्याच सकाळी बाथरूममधून बाहेर येऊन म्हणाली, "अरे, बल्ब का नाही लावलास?" आणि मला रडूच फुटलं. बल्बवरून. चाळिशीला टेकलेला माणूस मी.

त्याआधी दोन वर्षं मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत होतो, एवढं काही नाहीये. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच, मग डोळे टक्क उघडे, तर एवढं काही नाहीये, वय वाढलं की झोप कमी होते. पोटात गोळा, छातीत धडधड, पाठ कायम आखडलेली. या सगळ्यासाठी मी डॉक्टरांकडे गेलो बरं का, गेलोच नाही असं नाही. ईसीजी झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी रिपोर्ट परत देताना सांगितलं, "काही नाहीये तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." आता टेन्शन घेऊ नका म्हणजे ताप आलेल्याला अंग गरम करू नका सांगण्यातला प्रकार, पण मी त्या दिवशी चक्क खूश होऊन घरी आलो, कारण काही नाहीये हे आता ऑफिशियल झालं होतं.

डिप्रेशन बऱ्याचदा असं शरीराच्या तक्रारी घेऊनच येतं, आणि पहाटे लवकर जाग येऊन परत झोप न लागणं हे तर त्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे, हे मला नंतर कळलं. मला वाटायचं डिप्रेशन म्हणजे माणूस कोपऱ्यात बसून रडतो. मी रडत नव्हतो, मला काहीच वाटत नव्हतं. जवळच्या मित्राला मुलगी झाली, त्याने फोन केला, मी अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याला आनंद झालेला नाही, आपण आनंद झाल्यावर जे बोलायचं असतं ते बोललोय.

आणि मानसिक आजार म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? रस्त्यावर एकटाच बडबडत जाणारा माणूस. त्याच्याशी तुलना केली की आपण ठणठणीत. पण सगळ्यात जास्त लोकांना असतं ते अँग्झायटी आणि डिप्रेशन, म्हणजे आतल्या आत चालणारं, बाहेरून शर्टाला इस्त्री वगैरे असलेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 सालचा अंदाज आहे की जगात साधारण 97 कोटी लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारासोबत जगत होते, म्हणजे आठातला एक. मी आठजणांच्या टेबलावर रोज जेवायला बसायचो ऑफिसात, आणि हे वाचल्यावर मनात आलं की तो एक मीच होतो की अजून कुणी, कारण बाकीचेही एवढं काही नाहीयेवालेच.

माझी खरी गोची अशी होती की 'आता जायला पाहिजे'ची माझी पट्टी रोज थोडी पुढे सरकायची. आधी म्हणायचो, कामावर परिणाम झाला तर जाऊ. मग परिणाम झाला, तर म्हटलं, अजून नोकरी आहे ना. मित्रांचे मेसेज उघडणं बंद केलं, तर म्हटलं, बिझी आहे. म्हणजे मी कधीच रेषेपर्यंत पोचत नव्हतो, कारण रेष माझ्याच हातात होती. दात ठणकला तर बत्तीशी पडायची वाट कुणी बघत नाही, इथे मात्र आपण बघतो.

डॉक्टरांची पट्टी फार साधी आहे. किती दिवस झाले आणि रोजच्या जगण्यात किती अडतंय. उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, दिवसाचा बराच वेळ, जवळपास रोज, सलग दोन आठवडे, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं यातलं बरंचसं असेल तर तपासून घ्यायला हवं. दोन आठवडे! मी शंभरेक आठवडे काढले होते.

मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट ताईने घेतली. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला लोक सल्ले भरपूर देत होते, पॉझिटिव्ह विचार कर, व्यायाम कर, कुठेतरी फिरून ये, आणि व्यायामाने फायदा होतो हे खरंच आहे, पण ज्याला बल्ब लावता येत नाहीये त्याला तुम्ही पळायला सांगताय. ताईने सल्ला दिला नाही. तिने फोन केला, वेळ घेतली, त्या दिवशी सोबत आली आणि बाहेरच्या खुर्चीत बसून राहिली. परत येताना काय बोलणं झालं विचारलंही नाही.

आत काय होतं याची मला जाम भीती होती. वाटलेलं की ते आपल्या डोळ्यांत बघून काहीतरी ओळखणार, नाहीतर थेट अ‍ॅडमिट करणार. प्रत्यक्षात त्या मॅडमनी आधी झोपेचंच विचारलं. कधी झोपता, कधी उठता, भूक, वजन, दारू किती, घरात आधी कुणाला असं काही झालंय का. एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला, गेल्या दोन आठवड्यांत कितीदा असं वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण 27. मला 17 मिळाले. शाळेत एवढे मार्क असते तर फर्स्ट क्लास म्हटलं असतं, इथे 15 ते 19 म्हणजे बऱ्यापैकी तीव्र.

मग एक प्रश्न आला जो मला तेव्हा भलताच वाटला. कधी याच्या अगदी उलट झालंय का, म्हणजे झोप कमी होऊनही थकवा नाही, डोक्यात भराभर कल्पना, खूप बोलणं, अवाच्या सवा खर्च, असे सलग काही दिवस? माझं नव्हतं तसं. पण हे विचारावंच लागतं, कारण बायपोलर (म्हणजे ही दोन्ही टोकं येऊन जाणारा आजार) असणाऱ्याला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर तो दुसऱ्या टोकाला, मॅनियात जाऊ शकतो. म्हणूनच मित्राला लागू पडलेली गोळी आपण आणून खायची नसते. थायरॉईड आणि बी-12 तपासायला लावलं, कारण थायरॉईड कमी पडलं तरी माणूस असाच मंद आणि उदास होतो.

आणि मग अगदी सरळ, आवाज न बदलता, "मरून जावं असं वाटतं का?" मी गप्प. कुणी मला हे कधी विचारलंच नव्हतं. असं विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात तो विचार घुसतो असा आपल्याकडे समज आहे, तसं होत नाही, उलट माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मी म्हटलं, मरावंसं नाही, पण सकाळी उठलोच नाही तर बरं होईल असं वाटतं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचे तीनचार प्रश्न त्यावरच विचारले. मला वाटत होतं ओरडतील.

मॅडमनी दिलेल्या डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घोटाळा मी तिथेच केला.

पहिले दहाबारा दिवस वाईट गेले. मळमळ, अस्वस्थपणा, झोपेचा आणखी बोजवारा. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की साईड इफेक्ट आधी येतात आणि फायदा नंतर, फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थपणा फार वाढला किंवा नको ते विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा (पंचविशीच्या आतल्यांच्या बाबतीत तर याकडे जास्तच लक्ष ठेवावं लागतं). हे माहीत नसेल तर माणूस पाचव्या दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकतो आणि आयुष्यभर सांगत फिरतो की ही औषधं भयंकर असतात. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा बाहेर उजाडलेलं होतं. बस, एवढंच झालं, पण दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या महिन्यात मला इतकं छान वाटायला लागलं की मी ठरवलं, झालं आता, कशाला सवय लावून घ्यायची. कुणाला न विचारता गोळी बंद. दोन दिवसांनी चक्कर, मान वळवली की डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं, विनाकारण चिडचिड. मी म्हटलं, बघा, लागलीच ना सवय. मॅडमनी फोनवर समजावलं की याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात आणखी आणखी हवं होतं, डोस वाढवत न्यावासा वाटतो, तसं इथे नसतं, मेंदू त्या औषधाला सरावलेला असतो म्हणून ते पायरी पायरीने कमी करायचं. सवय लागू शकते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, म्हणून त्या मोजून आणि थोड्या दिवसांसाठी देतात. लोक दोन्ही एकाच पिशवीत टाकतात. शिवाय बरं वाटायला लागल्यावरसुद्धा निदान सहा महिने, कधी वर्षभर औषध चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटायची शक्यता जास्त. माझा उलटलाच. सहा आठवड्यांत परत साडेतीन वाजता टक्क जागा.

मॅडमनी समुपदेशनही सांगितलं होतं. पहिल्या काऊन्सेलरशी माझं अजिबात जमलं नाही, ते घड्याळाकडे बघत राहायचे आणि मी त्यांच्या घड्याळाकडे. थेरपी आपल्यासाठी नाही असं ठरवून मोकळाही झालो होतो, मग दुसऱ्या मिळाल्या आणि त्यांच्याशी जमलं. चप्पल लागली तर आपण दुसऱ्या नंबरची घेतो, चालणं सोडत नाही. त्या सीबीटी करायच्या, म्हणजे मनात येणारे विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी. 1960 च्या दशकात अ‍ॅरन बेक नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत उभी केली, मूळचे ते मनोविश्लेषणवाले, पण पेशंटच्या डोक्यात आपोआप चालणारे विचार त्यांना जास्त महत्त्वाचे वाटायला लागले. माझं काम म्हणजे वहीत लिहायचं, काय घडलं, लगेच मनात काय आलं, त्याला पुरावा काय. बॉसने मेलला उत्तर दिलं नाही, मनात आलं की काढणार मला, पुरावा शून्य. वाचायला बालिश वाटतं. मलाही वाटलं होतं, पण वीसेक पानं भरल्यावर दिसलं की मी एकच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत लिहितोय.

माझं प्रकरण सोपं होतं, मी स्वतःच्या पायाने गेलो. ज्याला आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय याची खात्री असते, त्याला मुळात आजारी वाटतच नाही, आणि तो हट्ट नसतो, आपण आजारी आहोत हे न कळणं हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. माझ्या एका मित्राच्या भावाचं असं झालं. घरचे महिनोन्‌महिने वाद घालत राहिले, असं काही नाहीये रे, वेडा आहेस का, आणि तो आणखी आणखी कोंडून घेत गेला. शेवटी कामी आलं ते असं की आवाज खरे की खोटे हा विषयच सोडला आणि म्हटलं, तुला झोप नाहीये, भीती वाटतेय, त्यावर तरी काहीतरी घेऊया. त्याला तो तयार झाला. अशा आजारात उपचार जितके लवकर तितकं बरं होणं सोपं. आणि औषधं आहेत, हेही काही फार जुनं नाही. मॅनियावर लिथियमचा उपयोग जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी 1949 मध्ये दाखवला, आवाज ऐकू येणं, भास होणं यांवरचं क्लोरप्रोमाझिन 1952 पासून वापरात आलं, त्याआधी बहुतेकांच्या नशिबी बंद खोली होती. शॉकला लोक घाबरतात, 1938 मध्ये तो सुरू झाला तेव्हा भूल न देता द्यायचे, ते चित्र अजून डोक्यातून जात नाही. आता पूर्ण भूल आणि स्नायू सैल करायचं औषध देऊन देतात, आणि जे पेशंट खाणंपिणंसुद्धा सोडतात त्यांच्यात तो कधीकधी सगळ्यात लवकर काम करतो.

एका बाबतीत मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. कुणी निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, कसं मरायचं ते ठरवलंय असं म्हणालं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या आणि बाकी धोक्याच्या गोष्टी हाताआड करायच्या आणि सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं.

बाकी आपल्यासारख्यांना सगळ्यात अवघड जातो तो पहिला फोन. समोरून रिसेप्शनवर विचारतात, कशासाठी दाखवायचंय, आणि जीभ अडखळते, डिप्रेशन म्हणायचं तर आपल्याला आहे का तेच माहीत नसतं. ताईने माझ्यासाठी फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झोप लागत नाहीये त्याला." त्यांनी गुरुवारची वेळ दिली.