दुकान नंबर ३, अपडेट ४: गर्डर निर्दोष सुटला

सोलापुरातल्या एका दुकानात रात्री ठोके येतात, लोक म्हणतात भूत; ते खरं कुठून येतात हे मी शोधतोय. छताचा गर्डर गार होताना आखडतो आणि तोच वाजतो, ही माझी थिअरी मेली. मागच्या अपडेटमध्ये छाती फुगवून जे लिहिलं होतं, ते सगळं परत घेतो.

आठवत असेल, हिशेब कसा चोख बसला होता. साडेचार मीटरचा लोखंडी गर्डर, दिवसभर पत्र्याखाली भाजलेला. रात्रीत १५ अंश उतरला तर पाऊण मिलिमीटर आखडतो. दगडात रुतलेलं टोक अडकतं, सुटतं, ठक! एप्रिलमधलं सोलापूर म्हटल्यावर दुसरा आरोपी शोधायची गरजच वाटली नाही. आणि सोमवारी वळवाचा पाऊस आला. नऊच्या आत पत्रा गार. रात्रभरात पारा जेमतेम दोन अंश हलला. तरी २:४७ ला ठोके आले. पाच ठोके, मग तो लांब सुस्कारा. नेहमीपेक्षा जोरात.

मी त्या वेळी खाली गादीवर बसलो होतो. खोटं कशाला बोलू, पाठीतून कळ गेली. फळ्यांच्या फटीतून बोळातला दिवा दिसत होता, त्याच्याकडेच बघत बसलो. माळ्यावर टॉर्च मारायची हिंमत पुढच्या पाच मिनिटांत झाली नाही.

माळ्याचं नाव निघालंच आहे तर ती कहाणीही संपवून टाकू. मधल्या मारुतीच्या आसपास ज्याला विचाराल तो सांगतो, मार्शल लॉच्या वेळी या माळ्यावर लपलेल्या एकाला पकडून मागच्या चौकात फाशी दिलं. मार्शल लॉ १९३० च्या मे-जूनमधला, तो खराच. पण त्या प्रकरणात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंग. दुकानाच्या चौकात कुणी फास टांगला नव्हता. गावातल्या प्रत्येक पडक्या वाड्याला १९३० चं भूत चिकटवायची जी खोड आहे ना, तिची मला चीड येते. खरी माणसं होती ती.

असो. पुन्हा ठोक्यांकडे.

या खेपेला एक गोष्ट अपघाताने बरी झाली. झूम रेकॉर्डरच्या इनपुटला दोन पिझो (भिंतीची थरथर टिपणाऱ्या चकत्या) जोडले होते, लेफ्ट आणि राईट. दोन्ही गर्डरवरच चिकटवायचे होते, पण राईटची वायर तोकडी पडली. वैतागून तो मागच्या मोरीच्या भिंतीवर लावला. (शिल्डेड वायर मोजून घ्या रे. दुकानदार ‘पुरेल की ओ’ म्हणतो त्यावर जाऊ नका.) सकाळी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली. प्रत्येक ठोका राईटला आधी, लेफ्टला नंतर. फरक साधारण १२० सॅम्पल, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगवर पावणेतीन मिलिसेकंद. ठोका गर्डरमधून निघतच नाहीये, मोरीकडून गर्डरपर्यंत पोचतोय!

दहा-वीस रुपयांच्या पिझोने हे काम केलं. ऑनलाइन मागवलेला तो महागडा ईएमएफ मीटर (विद्युत-चुंबकीय क्षेत्र मोजणारा, भूत शोधणाऱ्यांचा लाडका) मात्र अजूनही फक्त माझ्या मोबाईललाच घाबरतो. आणि ज्यांनी ‘१९ हर्ट्झ बघितलंस का’ (कानाला ऐकू न येणारा खालचा आवाज, ज्याने भुताचा भास होतो म्हणतात) विचारलं त्यांना: बघितलं. त्यावरच्या विक टँडी या ब्रिटिश इंजिनिअरच्या १९९८ च्या लेखात लॅबमधला पंखा गुन्हेगार निघाला होता, पण इथे पंखाच नाही. शिवाय माझ्या माइकवर एवढ्या खालच्या आवाजाचा भरवसा नको.

मोरीत काय आहे? काही नाही. मालक काका शपथेवर सांगतात, दुकानात नळच नाही. दोन दिवस मी घुशींच्या मागे होतो. पीठ पसरून ठेवलं, एक पाऊल उमटलं नाही.

मग बुधवारी रात्री घरी तीच क्लिप स्पीकरवर लावली. सुस्काऱ्याचा भाग वाजला आणि आतल्या खोलीतून आई झोपेतच ओरडली, “अरे, घागर लाव, नळाला हवा सुटलीय!”

मी तसाच उभा. चार-पाच दिवस कोरडी पडलेली लाईन, पाणी आलं की आधी आतली हवा ढकलत येतं. पाइप थडथडतो, मग फुस्स. लॉग काढून बघितला: पहिले ठोके आधीच्या बुधवारी, नंतरचे या सोमवारी. मध्ये पाच दिवस. अमावस्या वगैरे काही नाही, त्या बोळाचा पाण्याचा दिवस. शेजारच्या काकूंना विचारलं, तर दोन्ही रात्री त्यांच्याकडे अडीचनंतरच पाणी आलं होतं.

आता फक्त पाइप सापडायला हवा. गिलाव्याखाली जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बुजवलेला असणार. मोरीची भिंत फोडायची परवानगी मागणार होतो, पण हे लिहिताना सुचलं, फोडायचं कशाला? शेजारच्या नळाजवळ एक पिझो, मोरीत दुसरा, आणि एकाच फाईलमध्ये दोन्ही. नळ आधी बोलला पाहिजे. शिवाय प्लंबर लोक सळई कानाला लावून ऐकतात, तसं भिंतीवर इंच इंच ऐकत जाईन.

काकांना हे सांगितलं, तर खूश होण्याऐवजी ते गंभीर झाले. “धरलंत ते बरं केलंत. पण बोळात बोलू नका ओ. भुतामुळेच भावकीतलं कोणी वाटणी मागायला येईना.”

म्हणून दुकानाचं नाव इथेही येणार नाही. पुढचं पाणी शनिवारी. दहा मीटर वायर आणलीय, या वेळी स्वतः मोजून.