बोल कुणाला लावायचा

आमच्या घरात सीपीयू म्हणजे टेबलाखालचा काळा डबा. त्याच्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर, आणि खंडेनवमीला आबांच्या व्हर्नियर कॅलिपरशेजारी त्यालाही झेंडूचं फूल. खरा सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेला प्रोसेसर, त्या डब्याच्या पोटात असतो आणि तो मारीच्या बिस्किटाहून लहान असतो, ही माहिती मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी मिळाली. तीही पैसे भरून.

डबा बारा वर्षांचा. कुरकुरत का होईना, चालत होता. पण मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची देखभाल थांबवली, आणि नवी विंडोज ११ आमच्या डब्यात शिरेना. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही अमुक एका पिढीच्या पुढचा लागतो. आमचा त्या पिढीचा आजोबा. त्यात लेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली. दिवाळी पाडव्याला नवा कॉम्प्युटर घ्यायचा, हे एकमतानं ठरलं. कंपनीचा तयार, खोक्यातला घ्यायचा की सुटे भाग आणून जोडायचा, यावर मात्र घर फुटलं.

सौ.चं म्हणणं सरळ होतं. "खोक्यातला घ्या. काढायचा, वायर लावायची, झालं. बिघडला तर कंपनीचा माणूस येतोय."

भाचा रविवारी जेवायला आला होता. त्याचा घास हातातच राहिला. "मामा, खोक्यातला? कोल्हापुरात राहून?" जणू मी तांबड्या रश्श्याला सूप म्हणालो होतो.

मग दोन्ही दुकानं बघणं आलं. राजारामपुरीतल्या शोरूममध्ये काचेचं दार, एसीचा गारवा आणि 'सर, सर' करणारा टायवाला मुलगा. त्यानं यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी सांगितली. आत काय आहे विचारल्यावर कागद दिला. कागदावर 'पॉवर सप्लाय' (यंत्राला वीज पुरवणारा भाग) या शब्दापुढं नुसता वॉटचा आकडा होता, कुणी बनवला ते नाही. दुसरं दुकान शाहूपुरीत, जिना चढून वर. चपला बाहेर. आत छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी आणि मधोमध एक माणूस स्क्रू दातात धरून बसलेला. स्क्रू काढून तो पहिलं वाक्य बोलला ते असं : "वापर काय हाय, भावा?"

मी म्हणालो, लेकीचं कॉलेज, माझे हिशेब, आणि आबांची जुनी गाणी.

"मग उगंच चढवायचं न्हाई," म्हणून त्यानं वहीच्या पाठच्या पानावर आठ ओळी लिहिल्या आणि खाली बेरीज केली. बेरीज शोरूमपेक्षा पाच हजारांनी कमी. मला हा माणूस फार आवडला. शोरूममध्ये मला कुणी वापर विचारला नव्हता, बजेट विचारलं होतं.

पण त्या पाच हजारांत एक गोम आहे आणि ती सांगायलाच हवी. खोक्यातल्या यंत्रात विंडोज आतच येते. जोडलेल्यात ती वेगळी घ्यावी लागते, आणि त्या ओळीपाशी आपल्याकडं बरेच लोक डोळे मिटतात. मी जन्मभर बँकेत ऑडिटरांना तोंड देत आलेला माणूस, मला डोळे मिटता येत नाहीत. विंडोजचे पैसे धरल्यावर पाच हजार कुठं गेले ते कळलंही नाही. म्हणजे स्वस्त पडतो म्हणून जोडायचा, हा मुद्दा निदान आमच्या घरात पहिल्याच दिवशी बाद झाला.

तरी मी निर्णय घेईना. पाडवा गेला, तुळशीचं लग्न झालं, आणि तेवढ्यात रॅमचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीचे, भाव पेटले. एआयची अवाढव्य डेटा सेंटरं जगभर उभी राहताहेत, मेमरी बनवणारे कारखाने आपला माल तिकडं वळवताहेत आणि घरगुती गिऱ्हाइकाला उरलंसुरलं. मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं तर त्या डिसेंबरात 'क्रुशियल' हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा जुना ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. शाहूपुरीतल्या वहीवरचा रॅमचा आकडा दोन महिन्यांत दुपटीच्या पुढं गेला. गुजरीत सोन्याचा भाव विचारून लोक जसे गप्प उभे राहतात, तसा मी त्या जिन्यावर उभा राहिलो. कोटेशन किती दिवस चालेल, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "दुपारपर्यंत."

पाडव्याला घेतला असता तर, हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नाही. सौ. नुसती माझ्याकडं बघायची.

त्या जिन्यावर भाच्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती मला पटली. तो म्हणाला, मामा, खोक्यातला म्हणजे तरी काय, कुणीतरी जोडलेलाच की. आयबीएमनं १९८१ साली आपला पहिला पीसी काढला तेव्हा घाई होती म्हणून बाहेरचे तयार भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं. स्वतःचं असं खास म्हणजे मुख्यतः बायोस, यंत्र जागं करणारा तेवढा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅक नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी तो न चोरता, नुसतं त्याचं वागणं अभ्यासून, तसाच चालणारा दुसरा लिहिला आणि दार उघडलं. तेव्हापासून कुणाचाही भाग कुणाच्याही भागाशी बोलायला लागला. शाहूपुरीतला दातात स्क्रू धरलेला माणूस हा त्या आयबीएमच्या घाईचा वंशज आहे.

गंमत अशी की आज खोक्यातल्या बऱ्याच यंत्रांनी ते दार आतून परत लावून घेतलंय. आमच्या शाखेत एका नामांकित कंपनीचं यंत्र बंद पडलं. गेला होता फक्त पॉवर सप्लाय. बाजारात तो ढिगानं मिळतो, पण ह्याचा आकार निराळा आणि पिनाही निराळ्या. अकरा दिवस काउंटर नंबर तीन बंद होता आणि पेन्शनर माझ्या नावानं बोटं मोडत होते. तरीही सांगतो, बँकेनं खोक्यातलेच घ्यावेत. चाळीस यंत्रं असली की कुणाच्या तरी नावानं पत्र लिहिता यायला पाहिजे.

घराचं तसं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी रमणमळ्यात चढायला लागलं तेव्हा बहिणीच्या घरी एकच गोंधळ होता. कपाटं माळ्यावर, गॅस जिन्यावर. भाचा तेव्हा कॉलेजात. त्यानं शांतपणे कॉम्प्युटरची बाजू उघडली, हार्ड डिस्क काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात घातली आणि बाकीचं धूड तसंच सोडून बाहेर पडला. घरातले सगळे फोटो त्या खिशात होते. आपल्या यंत्रात नेमकं काय वाचवायचं असतं, ते कुठं असतं आणि किती स्क्रूंवर असतं, हे त्याला ठाऊक होतं. मला माझ्या डब्याचं पुढचं बटण सोडून काही ठाऊक नव्हतं.

आबांनी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथ चालवलाय. ते इतके दिवस गप्प होते. एका रात्री ताट सरकवत म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी कॅमेरा काय खोक्यातला आणला व्हता?"

हा कोल्हापुरातला हुकमाचा एक्का आहे. बाबूराव पेंटर म्हणजे मूकपटांच्या काळातले इथले दिग्दर्शक, सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवणारे. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्यांचे जोडीदार आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, कॅमेऱ्याचं काम अर्धं राहिलं, आणि बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमाराला तो इथंच पुरा केला. यापुढं कुणी काय बोलावं?

सौ. बोलली. "त्यांना सोमवारी असाइनमेंट द्यायची नव्हती."

तरी ठरलं. जोडायचा, आणि तोही घरी, आपल्या हातानं. भाच्यानं यादी पाठवली. मी एकटाच शाहूपुरीत गेलो. (इथं वाचकानं थांबून 'एकटाच' हा शब्द पुन्हा वाचावा.) यादीतल्याच प्रोसेसरचा एक जुळा भाऊ कपाटात दिसला. तोच आकडा, नुसतं शेवटी एफ, आणि किंमत सतराशेनं कमी. माझ्या डोक्यात एफ म्हणजे फास्ट. दुकानदारानं विचारलं, "ग्राफिक्स कार्ड हाय न्हवं?" मला वाटलं मॉनिटरबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "हाय की."

रविवारी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरले. भाचा येईपर्यंत लेकीनं सगळी खोकी उघडून ओळीनं मांडली होती. "पप्पा, तुम्ही बसा, मी करतो," म्हणाली. आमच्याकडच्या पोरी करतो-जातो म्हणतात; पुण्याच्या मावशीला अजून सवय झालेली नाही. भाच्यानं सगळ्यांना आधी नळाला हात लावून यायला सांगितलं, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. आबांचा लोकरी स्वेटर काढून घेतला. डिसेंबरची थंडी होती, पण आबा तक्रार न करता गंजीफ्रॉकवर बसले. शॉपफ्लोअरची शिस्त.

पुढचे तीन तास मी फारसं काही केलं नाही, पण तसा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. प्रोसेसर सॉकेटात ठेवताना दाबायचा नसतो, नुसता सोडायचा असतो. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणावर आला की तो आपोआप बसतो. मग त्याच्यावरची पट्टी दाबताना करकर असा आवाज येतो आणि सगळ्यांचा जीव जातो. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, शेजारी शेजारी नाही. जोडीनं लावल्या की दोन्ही वाटा वापरल्या जातात. उष्णता ओढणारी पेस्ट वाटाण्याएवढी. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, कॅबिनेटात बसवायच्या आधी खाली पितळी पाये लावायचे, नाहीतर बोर्डाची पाठ पत्र्याला टेकून शॉर्ट होतो. ते पाये आबांनी बसवले. एकदा उलटं फिरवून, आटे जुळल्याचा बारीक टिक ऐकून, मगच सुलटं. लेकीनं ते बघितलं आणि पुढचे सगळे स्क्रू तसेच लावले. कुणी कुणाला काही शिकवलं नाही.

सगळ्यात किचकट काम शेवटी. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या केसाएवढ्या वायरी, त्यांची नावं मुंगीच्या अक्षरात. आबांचं भिंग आलं.

बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. आईनं आतून हळदीकुंकू आणलं. पडदा काळा.

केबल बदलली. रॅम काढून परत बसवली. एकच पट्टी लावून बघितली. मी मॉनिटरला दोन थापटा मारल्या, आमच्या पिढीचा तो इलाज. पडदा काळाच. भाचा वाकून बोर्डावर बघत राहिला. कडेला चार बारीक दिवे असतात, जिथं अडलंय तिथला पेटतो. व्हीजीएपाशी, म्हणजे चित्राच्या जागी, पांढरा दिवा जळत होता. त्यानं प्रोसेसरचं खोकं उचललं, आकडा वाचला, माझ्याकडं बघितलं.

"मामा. एफ."

एफ म्हणजे ज्याच्या पोटात चित्र काढणारा भाग चालू नसतो तो. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. कार्ड नसेल तर आत सगळं उत्तम चाललेलं असतं, फक्त दिसत काही नाही.

मी गच्चीवर गेलो. बिघाडाचं मला नवल नाही, यंत्र आहे, बिघडतं. मला रागावायचं होतं आणि रागवायला माणूस सापडेना. शोरूमवाल्यांनी चित्र न दिसणारा कॉम्प्युटर विकला असता तर मी त्यांना असं धुतलं असतं की राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांत ऐकू गेलं असतं. पण इथं दुकानदारानं विचारलं होतं, भाच्यानं लिहून दिलं होतं, लेकीनं स्क्रू नेटके लावले होते. आठ भागांची आठ बिलं, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, आणि आठही भाग निर्दोष. सौ. कपडे काढायला वर आली. "मी काय बोलत नाही," म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी शाहूपुरीचा जिना चढलो. "पाकीट फोडलं की विषय संपला, भावा," दुकानदार म्हणाला, पण खालच्या फळीवरनं एक छोटं कार्ड काढून दिलं. वाचवले सतराशे, गेले चार हजार. कार्डाचं बिल मी फायलीत सगळ्यात वर लावलंय. लेकीनं असाइनमेंट मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पुरी केली.

आता यंत्र चालतंय, आणि पहिल्यासारखं कुरकुरत नाही. मधे दोन दिवस रात्रीचा टकटक आवाज यायचा. मी घाबरलो. आबा दुसऱ्या खोलीत पडल्या पडल्या म्हणाले, "पंख्याला वायर लागत्या." लेक उठली, बाजूचे दोन स्क्रू हातानं फिरवले, पत्रा सरकवला, वायर मागं बांधली, झोपली. मी चादरीतून सगळं ऐकत होतो.

एक गोष्ट तेवढी राहिली. या कॅबिनेटच्या डोक्यावर जाळी आहे, गरम हवा तिथनं बाहेर पडते, त्यामुळं क्रोशाचं कव्हर घालता येत नाही. आईनं ते दोनदा घालून बघितलं आणि भाच्यानं दोनदा काढलं. परवा ती कव्हराची घडी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय रे," तिनं विचारलं, "खोक्यातल्याला बसलं असतं काय हे?"

"बसलं असतं," मी म्हणालो.