स्ट्रोकरचा नाद

घरी बनवत असलेल्या टू-सीटर गाडीचा सांगाडा उभा राहिलाय, इंजिन मारुती जिप्सी किंगचं 1298 सीसी, आणि बघायला येणारा प्रत्येकजण एकच सल्ला देतो, "बोअर मार की भावा!" म्हणजे सिलिंडर रुंद कर. मला मात्र स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव वाढवायचीय, त्यालाच स्ट्रोकर म्हणतात. अरे पण हिशोब तर करा. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक 75.5. अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकून मिळतात जेमतेम 18 सीसी, आणि स्ट्रोक 4 मिमी वाढवला की जवळजवळ 70, म्हणजे इंजिन 1368 च्या आसपास जातं. हलक्या गाडीला वळणातून निघताना खालच्या आरपीएमला जी ओढ लागते ती इथून येते.

आता स्ट्रोक वाढवायचा कसा, तर नवीन क्रँक (पिस्टनची धाव गोल फिरण्यात बदलणारा दांडा) परवडत नाही म्हणून ऑफसेट ग्राइंडिंग, म्हणजे केंद्र सरकवून घासणं. क्रँकच्या पिनचा (जिथे पिस्टनचा रॉड बसतो) व्यास 4 मिमी कमी करायचा पण सगळा माल आतल्या, म्हणजे क्रँकच्या मध्याकडच्या बाजूनेच काढायचा, मग पिनचं केंद्र 2 मिमी बाहेर सरकतं आणि स्ट्रोक 4 ने वाढतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत ग्राइंडिंगवाल्या काकांना हे सांगितलं तर ते आधी हसले, "आयुष्यभर क्रँक सेंटरला लावली, आता मुद्दाम सेंटर सोडू व्हय?" मग स्वतःच मापाचं डायल गेज लावून बसले. चारी पिनांना सारखाच ऑफसेट, कडेची गोलाई शाबूत, आणि घासून झाल्यावर परत नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक करणं), कारण कडक थर घासण्यात जातो.

खरी डोकेदुखी त्यापुढे आहे. पिस्टन आता 2 मिमी जास्त वर येतो, म्हणजे हेडला धडकणार. म्हणून पिस्टन पिनचं भोक 2 मिमी वर असलेला पिस्टन आणि बारीक बिग एंडचा (क्रँकवर बसणाऱ्या टोकाचा) रॉड लागतो, आणि तेवढं करूनही कॉम्प्रेशन रेशो 9 असला तर साडेनऊच्या जवळ जातंच. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा बघायला पोरांची खेळायची क्ले पिस्टनवर थापली, जुनं गॅस्केट लावून हेड बसवलं, टायमिंग बेल्ट चढवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवली, हेड काढलं आणि ब्लेडने क्ले कापून सगळ्यात पातळ जागी व्हर्नियर लावला. इनटेकला 2 मिमीच्या वर पाहिजे, एक्झॉस्टला त्याहून जरा जास्त. आमचं बसलं, नाद खुळा!

7000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.6 मीटरचा साडेअठरा होतो, त्यामुळे जुने रॉड बोल्ट परत वापरायचे नाहीत, तिथे पैसे वाचवणाऱ्याला मी तरी हात जोडतो. बॅलन्सिंग बाकी आहे, क्रँक फ्लायव्हीलसकट द्यायचीय.