सप्रेम भेट, मुक्काम ऑक्सफर्ड, मिसिसिपी

मेंफिसहून ऑक्सफर्डला जायला गाडीने जेमतेम दीड तास लागतो. दक्षिणेला जाणारा महामार्ग बेट्सव्हिलला सोडून पूर्वेकडे वळले की दोन्ही बाजूंना पाइनची झाडी सुरू होते आणि मधूनमधून उघडी पडलेली माती कोकणातल्यासारखी तांबडी दिसू लागते. गाडी माझा भाचा चालवत होता. मी गेली बारा वर्षे आधुनिक अमेरिकन कथा-कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्तीच्या, लेखकाची स्वाक्षरी असलेल्या प्रती जमवतो आहे, त्यातही दक्षिणेकडच्या लेखकांच्या. आजवर त्या सगळ्या पुण्यात बसून टपालाने मागवल्या. पुस्तक ज्या गावात रुजले त्या गावात जाऊन एक तरी प्रत हातात घेऊन निवडावी, अशी इच्छा फार दिवसांपासून मनात होती, म्हणून भाच्याकडच्या मुक्कामातले तीन दिवस मी तेवढ्यासाठीच राखून ठेवले होते.

टपालाच्या खरेदीने मला एकदा चांगलेच पोळले आहे. एका विक्रेत्याने पहिली आवृत्ती म्हणून पाठवलेल्या कादंबरीवरची स्वाक्षरी खरी होती, पुस्तकावरचे सुटे कागदी वेष्टन कोरे करकरीत होते, पण मागचा पुठ्ठा उजेडात तिरका धरल्यावर खालच्या कोपऱ्यात, पाठीच्या कडेला, दाबून उठवलेला एक बारीकसा ठिपका दिसला. ती ‘बुक क्लब’साठी, म्हणजे सभासदांना स्वस्तात पुस्तके पाठवणाऱ्या योजनेसाठी, वेगळी छापलेली प्रत होती. अशा प्रतींच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर सहसा किंमत नसते, आणि संग्राहकाच्या लेखी त्या पहिल्या आवृत्तीत धरल्या जात नाहीत. तेव्हापासून पुस्तक हातात आले की मी आधी मागचा पुठ्ठा चाचपतो आणि मग स्वाक्षरी पाहतो.

ऑक्सफर्डला पोचल्यावर आम्ही पहिल्यांदा कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचे घर पाहिले. १९३० साली त्यांनी हे मोडकळीला आलेले जुने घर विकत घेतले, त्याला रोवन ओक असे नाव दिले आणि १९६२ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांचेच राहिले. आता ते मिसिसिपी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. फाटकापासून दारापर्यंत दुतर्फा सीडरची उंच झाडे आहेत. आतल्या लिहिण्याच्या खोलीत ‘अ फेबल’ या कादंबरीचा आराखडा त्यांनी थेट भिंतीवर लिहून ठेवला आहे. सोमवार, मंगळवार अशी वारांची नावे आणि प्रत्येक वाराखाली त्या दिवशीच्या घटना. छापलेले पुस्तक कितीही जपले तरी त्याच्या मागचा हात दिसत नाही, इथे तो भिंतीवर दिसतो. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो.

फॉकनर यांच्या पुस्तकांपाशी माझ्यासारख्या पगारदार माणसाचा हात पोचत नाही. ‘द साउंड अँड द फ्युरी’ १९२९ साली निघाली तेव्हा पहिल्या छपाईत फक्त १,७८९ प्रती काढल्या होत्या, आणि त्यातही मूळ वेष्टन टिकलेली प्रत शोधावी लागते. त्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला एका दुसऱ्याच पुस्तकाची जाहिरात आहे. तिथे त्याची किंमत तीन डॉलर छापली असेल तर वेष्टन पहिले, साडेतीन असेल तर नंतरचे. पन्नास सेंटच्या फरकावर प्रतीची ओळख ठरते, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण पुस्तकाच्या जन्माचा दाखला अशाच खुणांमधून मिळतो. प्रत्येक प्रकाशकाची रीत निराळी असते. नॉफ पहिल्या छपाईवर सरळ ‘पहिली आवृत्ती’ असे छापते. रँडम हाऊसच्या पुस्तकांत मात्र कित्येक वर्षे ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांखालची, छपाई कितवी ते सांगणारी आकड्यांची ओळ एकऐवजी दोनपासून सुरू होत असे, आणि नवखा माणूस तिला दुसरी छपाई समजून परत ठेवत असे.

दुपारी आम्ही न्यायालयाभोवतीच्या चौकात आलो. स्क्वेअर बुक्स हे दुकान रिचर्ड हॉवर्थ यांनी १९७९ साली सुरू केले. भिंतींवर, अगदी जिन्यापर्यंत, इथे येऊन वाचन करून गेलेल्या लेखकांची छायाचित्रे लावली आहेत. याच गावात अग्निशमन दलात नोकरी करत लॅरी ब्राउन रात्री कथा लिहायला शिकले आणि १९८८ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. जॉन ग्रिशॅम याच राज्यात वकिली करत होते. ज्यांच्या कादंबऱ्या आज मराठीत आवडीने वाचल्या जातात, त्या ग्रिशॅम यांच्या १९८९ सालच्या ‘अ टाइम टु किल’ या पहिल्या कादंबरीच्या केवळ ५,००० प्रती निघाल्या होत्या, आणि त्यातल्या हजार त्यांनी स्वतः विकत घेऊन गावोगावी खपवल्या.

मला हवे होते कथाकार बॅरी हॅना. १९८०च्या दशकात ते इथल्या विद्यापीठात शिकवायला आले आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत याच गावात राहिले. त्यांचा ‘एअरशिप्स’ हा कथासंग्रह १९७८ साली नॉफने काढला होता, आणि गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत असे मी आधीच पत्राने विचारून ठेवले होते. त्याने त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. एकीवर फक्त स्वाक्षरी होती. दुसरीवर शीर्षकाच्या पानावर, निळ्या शाईत, एका दांपत्याचे नाव, त्याखाली एक ओळ, मग स्वाक्षरी, गावाचे नाव आणि साल होते. या दुसऱ्या प्रतीच्या वेष्टनाच्या घडीचा किंमत छापलेला कोपरा कात्रीने कापलेला होता, आणि ती पहिलीपेक्षा बरीच स्वस्त होती.

‘मामा, नुसती सही असलेली प्रत समोर असताना परक्या माणसांच्या नावाची कशाला घेतोस?’ भाच्याने विचारले. बाजाराचे गणितही तेच सांगते. ज्याच्या नावाने प्रत दिली ती व्यक्ती प्रसिद्ध असेल, लेखकाच्या निकटची असेल, तर किंमत चढते. अनोळखी असेल तर उतरते, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला आपल्या कपाटात दुसऱ्याचे नाव नको असते. मला हे पटत नाही. आपल्याकडे अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांवर ‘सप्रेम भेट’ लिहिलेले दिसले की माझा हात आपोआप तिकडे जातो. नुसती स्वाक्षरी लेखक एका बैठकीत शेकड्यांनी करतो, आणि हल्ली तर कित्येकदा सुटे कागद त्याच्या घरी पाठवून, सह्या घेऊन, मग ते पुस्तकात बांधतात, म्हणजे ते पुस्तक त्याने कधी हातात धरलेलेही नसते. नाव लिहिताना मात्र लेखकाला मान वर करून समोरच्याकडे पाहावे लागते, त्याला नाव विचारावे लागते.

कापलेल्या कोपऱ्याची मला काळजी होती, कारण किंमत नसलेली घडी म्हटले की मला ती टपालाने आलेली प्रत आठवते. मी वेष्टन हळूच सोडवले आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. कापड सपाट होते. उजेडात तिरके धरून पाहिले, काही नव्हते. प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानावर ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द होते. म्हणजे किंमत कुणीतरी भेट देण्याआधी कापली होती, आपण किंमतीवर कागद चिकटवतो तशी. विक्रेत्याने पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला स्वतःचा आकडा खोडायला रबर उचलले, तेव्हा मी त्याला थांबवले.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला जॅक्सनला जाऊन लेखिका युडोरा वेल्टी यांचे घर आणि १९७५ साली सुरू झालेले लेमुरिया हे दुकान पाहिले. लेमुरिया आपल्या सभासदांना दर महिन्याला स्वाक्षरीची एक पहिली आवृत्ती घरपोच पाठवते, आणि तिथली पहिल्या आवृत्त्यांची खोली एका सकाळीत पाहून होण्याजोगी नाही. वेल्टीबाईंच्या घरात सोफ्यावरही पुस्तकांच्या थप्प्या रचलेल्या आहेत. तिथे मी काही घेतले नाही.

मेंफिसला परतल्यावर रात्री जेवणाच्या टेबलावर मी ‘एअरशिप्स’ला मायलर या पारदर्शक प्लास्टिकचे आवरण घातले. भाच्याने हात धुऊन, कोरडे करून पुस्तक घेतले आणि शीर्षकाचे पान उघडून ती दोन नावे मोठ्याने वाचली.