चिंगीचं बिऱ्हाड शेतावर

मांजर माणसाला नाही, जागेला धरून असतं, असं आमची आजी म्हणायची. म्हणून इंदूरच्या रामबागेतला वाडा बिल्डरकडे द्यायचं ठरलं तेव्हा मला सामानापेक्षा चिंगीचा घोर जास्त. माळ्यावर व्यालेली, मग आमचीच होऊन राहिलेली. पायात तीन पिल्लं. आम्ही निघालो होतो सिमरोलच्या पुढे, खंडवा रोडवरच्या शेतावर. "पोत्यात घालून न्या, म्हणजे वाट कळणार नाही," असं जो तो सांगे. वाट कळत नाही हे खरं, पण मांजर जुन्या घराकडे निघतंच, आणि मग वाटेतच कुठेतरी संपतं.

चिंगीचं ऑपरेशन इंदूरला असतानाच उरकलं. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर माजावर येते आणि पुढच्या दोनेक महिन्यांत नवी वीण हजर. पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस टोचली. शेताच्या आसपास मोकाट कुत्री, कोल्हे. तिथे यात चालढकल नको.

शेतावरच्या कोठीत त्यांना ठेवायचं होतं, तर तिथे लसणाचा ढीग. माळव्यातली कोठी, दुसरं काय असणार! पण कांदा-लसूण मांजराला विष. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. राखणदाराची बायको हसायला लागली, "बाईजी, बिल्ली लहसुन खाएगी?" नुसता नाही खात, पण फोडणीचा रस्सा-भात चाटूनपुसून खाते. ढीग पडवीत गेला.

मग दार बंद. तीन आठवडे तरी बंदच ठेवायचं हे मी ठरवूनच आले होते. वाड्यातली गोधडी मुद्दाम न धुता आणली होती. चिंगी तिच्यात तोंड खुपसून खाटेखाली बसली आणि पहिले काही दिवस फक्त रात्री जेवली. पिल्लांना कसलं दुःख, ती खिडकीच्या गजांवर. वाळूच्या घमेल्यात मी दर दोन-तीन दिवसांनी मूठ मूठ काळी माती मिसळत गेले. शेवटी घमेल्यात सगळी मातीच उरली, आणि पुढे बाहेर सोडल्यावर त्यांना शिकवायची वेळ आली नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते म्हणून जमलं. पावसाळ्यात ती माती पंजाला चिकटून घरभर झाली असती.

रोज जेवणाआधी स्टीलची ताटली वाजवायची, हा नेम. दार उघडलं तेही संध्याकाळच्या जेवणाआधी, भुकेल्या पोटी. चिंगी पोट जमिनीला टेकवून भिंतीच्या कडेकडेने मोटारीच्या खोलीपर्यंत गेली. तेवढ्यात गव्हाला पाणी द्यायला कुणीतरी मोटार सुरू केली. ही शेपटी फुलवून जी पळाली ती थेट गोधडीत. दुसऱ्या दिवशी मी मोटारीची वेळ विचारून मगच दार उघडलं.

विहिरीला कठडा नव्हता. वर जाळी घातली. शेजारच्या शेतात उंदरांचं औषध टाकायचे. विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर तीही जाते, हे आमच्या ह्यांनी त्यांना चहावर बोलावून समजावलं. आता निदान बांधाजवळ टाकत नाहीत.

खरा वाद खाण्यावरून. "पेट भर दोगे तो चूहे कौन मारेगा?" हे इथलं ठाम मत. पण पोट भरलेली मांजरही शिकार करतेच, तो तिचा स्वभाव. उपाशी ठेवली तर ती खाणं शोधत लांब भटकते, एवढंच. दुधाची वाटीही मी बंद केली, कारण मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. सोवळ्यातल्या आमच्या घरात उकडलेली अंडी आणि कोंबडी आली ती अशी. आमचे हे तेवढा वेळ अंगणात जाऊन बसतात.

दोन पिल्लं गोठ्यात, भुश्यावर झोपतात. बोका मात्र फिरस्ता निघालाय. सहा महिन्यांचा झाला की त्यालाही महूला नेऊन ऑपरेशन करायचंय. सध्या करंडी दिसली की तो कडब्याच्या गंजीवर चढतो.