कणगीवरचा क्यूआर कोड

आईने राजूरला गाडी थांबवायला लावली आणि अर्धा किलो पेढे घेतले. "कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं."

"आई, आपण तिथं पैसे देऊन राहणार आहोत," बायको मागच्या सीटवरून म्हणाली. "माणशी. जेवणासकट."

आईने पेढ्यांचा पुडा पिशवीत न घालता मांडीवरच ठेवला. म्हणजे विषय संपला.

आम्ही रतनवाडीला निघालो होतो. अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेला, रतनगडाच्या पायथ्याशी. शेंडी गाव मागे पडलं की रस्ता भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालत जातो आणि इतकी वळणं घेतो की "अजून किती?" विचारणारी मुलं पोट सांभाळत गप्प होतात. मे संपत आला होता. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं, म्हणजे याच भंडारदरा धरणाचं, पाणी पार आत ओसरलं होतं आणि उघड्या पडलेल्या काठावर डांगी गाई चरत होत्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके उडाल्यासारख्या. या जातीची कातडी तेलकट असते, म्हणून इथल्या पावसात ती टिकते. हे मी मुलांना सांगितलं. ऐकणारी फक्त आई होती.

घर कौलारू, पुढे पडवी, कारवीच्या काड्यांचा कूड शेणामातीने लिंपलेला. दारावर पाटी : 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. या 'घरगुती' शब्दाची मला गंमत वाटते. आपण स्वतःच्या घरातल्या आमटीला कधी घरगुती आमटी म्हणत नाही. जे आपल्या घरचं नाही आणि ज्याचे पैसे मोजायचे आहेत, त्यालाच हा शब्द चिकटतो.

घरच्या बाईंनी पेढ्यांचा पुडा हातात घेतला, वरचं नाव वाचलं आणि पदराआड हसल्या. "राजूर माझं माहेर आहे."

आई क्षणभर ओशाळली. मग म्हणाली, "मग काय, माहेरचाच खाऊ आणला म्हणायचा." झालं. त्या एका वाक्यानंतर आई त्या घरात गिऱ्हाईक राहिली नाही. मी मात्र राहिलो. फोनवर मी आधी कमोड आहे का विचारलं होतं, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळेल तेही विचारलं होतं, आणि आल्या आल्या दोन्ही तपासलं. कमोड होता. गरम पाणी म्हणजे परसातल्या चुलीवरचा हंडा. आईने पहिल्याच सकाळी त्या चुलीचा ताबा घेतला आणि मला म्हणाली, "बसलायस काय? दोन लाकडं आण." सुट्टीसाठी मोजलेल्या पैशात लाकडं आणणं बसतं का, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

आल्या दिवशीच संध्याकाळी अमृतेश्वराला गेलो होतो. हे शिलाहारांच्या काळातलं दगडी देऊळ. भूमिज पद्धतीच्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या माळा चढत जातात आणि मान दुखेपर्यंत बघावंसं वाटतं. शेजारी पुष्करणी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड पाण्याखाली जाते आणि वरूनच नमस्कार करून लोक परततात. प्रवरेचा उगम याच डोंगरात. आईला हे माहीत नव्हतं. "म्हणजे नेवाशाची प्रवरा?" तिने दोनदा विचारलं. ज्या नदीच्या काठी माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, ती इथून निघते म्हटल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला, पुन्हा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मुलगी देवळाच्या भिंतीवरच्या नक्षीचे फोटो काढत होती. मुलगा पायरीवर बसून चपलेतला खडा काढत होता. मला भूक लागली होती.

जेवायला नागलीच्या भाकरी, हुलग्याचं पिठलं, मिरचीचा ठेचा. मुलांनी पहिल्या घासाला तोंडं वाकडी केली आणि तिसऱ्या भाकरीला मागायचं थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काय करायचं, याची यादी मी आणली होती : रतनगड, वरचं नेढं म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक, जमलं तर सांदण दरी. आई म्हणाली, तुम्ही जा. आम्ही गेलो. गडाच्या लोखंडी शिड्यांपर्यंत घामाने निथळलो, मुलांचं पाणी संपलं, माझा गुडघा बोलायला लागला, आणि नेढ्याच्या नादी न लागता दुपारी परत आलो. या भागाबद्दल एवढंच.

खरी गोष्ट पडवीत घडत होती. घरची म्हातारी सासू आणि आमची आई, दोघी पाय पसरून समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये गोणपाटावर काळ्या, सुरकुतलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या फळांचा ढीग होता. काड्या, खडे, किडके दाणे बाजूला काढणं चाललं होतं. आईने त्यातलं एक उचलून माझ्यासमोर धरलं.

"ओळख."

मला ओळखता आलं नाही.

"अरे, बाळहिरडा. तुला सहाणेवर उगाळून दिलेला. तीन वेढे, जास्त नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने बाळगुटीतला हिरडा किती वेळा उगाळला असेल. आधी धाकट्या भावंडांना, मग मला, मग माझ्या मुलांना. पण तो कायम पुड्यातून आलेला. झाड तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हातारीने काठी घेऊन तिला घरामागे नेऊन दाखवलं. कोवळेपणीच फळ काढतात, वाळवतात, मग काळं पडतं. उन्हाळ्यातला चार पैशांचा आधार आहे तो, व्यापारी येऊन किलोवर घेऊन जातो. म्हातारीला आश्चर्य वेगळंच वाटत होतं. "एवढा माल जातो तरी कुठं, ते आज कळलं," असं म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या वर्षांच्या मालाचा निकाल म्हणून मी समोर उभा होतो, घामट, गुडघ्याला पट्टा लावलेला. तिच्या चेहऱ्यावर फारसं समाधान दिसलं नाही.

रात्री काजवे पाहायला गेलो. शनिवार-रविवारी इथे गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसेनासे होतात म्हणे; आम्ही मंगळवारी आलो होतो, त्यामुळे वाट मोकळी होती. सादड्याचं एक अख्खं झाड एकदम लागत होतं आणि एकदम विझत होतं. घरच्या बाई आल्या नाहीत. "आमचं रोजचंच ते. तुम्ही जा. बॅटरी तेवढी मारू नका."

शुक्रवारी सकाळी हिशेब. घरातला मुलगा या कामात तयार होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत शेणाने लिंपलेली, भात साठवायची कणगी होती आणि तिच्यावर सुतळीने क्यूआर कोड बांधलेला. मी फोन काढला. रेंज नाही. "दगडावर चला," तो म्हणाला. गावाच्या वरच्या अंगाला एक पसरट दगड आहे, तिथे उभं राहिलं की एखादी कांडी येते. क्यूआरचा मोबाइलवर फोटो काढून आम्ही दगडावर गेलो. तिथे आधीच दोघे जण उभे होते, एक जण पुतण्याशी जमिनीवरून भांडत होता. माझ्या फोनवर चक्र गोल गोल फिरत राहिलं. पाच माणसं, तीन रात्री, एवढी रोकड माझ्या पाकिटात नव्हती. होती ती पुढे केली तर पोराने घेतली नाही. "अर्धेमुर्धे कशाला? रेंजमध्ये गेले की टाका. नाहीतर घरी जाऊन टाका."

शहरात हॉटेलवाले चेक-इन करतानाच कार्ड मागतात. इथे मी तीन दिवस जेवून, झोपून, त्यांची लाकडं जाळून एक पैसाही न देता चाललो होतो आणि मलाच संकोच वाटत होता. पाहुणा होणं आपल्याला जमत नाही. गिऱ्हाईक होणं फार सोपं पडतं.

गाडीत बसताना बाईंनी आईच्या हातात कापडी पिशवी दिली. वर बाळहिरड्याची पुडी, खाली तांदूळ, पायलीभर तरी असावेत. बायकोने घाईने विचारलं, "यांचे किती झाले?" बाईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईने तिच्या पिशवीतून खण काढून त्यांच्या हातात ठेवला. पुण्याहून निघतानाच आणलेला, आम्हाला न सांगता.

राजूर आलं आणि फोन वाजू लागला. मी गाडी बाजूला घेऊन आधी पैसे पाठवले. 'यशस्वी' अशी हिरवी खूण आली तेव्हा कोण बरं वाटलं.

रविवारी बायकोने त्या तांदळाचा कुकर लावला आणि त्याचा लगदा झाला. आई काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं ऐकू येत होतं. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वारा घोंघावत होता, मागे कुणीतरी अजून जमिनीवरूनच भांडत होतं.

"दगडावर आले होते तेवढ्यात म्हटलं करावा. आजींना द्या." आईने फोन कानाला लावला. "आजी, सांगायचं राहिलं, तो तांदूळ कुकरला लावू नका. उघड्या पातेल्यात शिजवा, आन् पाणी..."

आणि रेंज गेली.