राजाहून मोठी बहीण: टोंगाटापूवरचा एका दिवसाचा फेरा

टोंगाटापू हे टोंगाचं मुख्य बेट. हा फेरा तिथल्या राजधानीहून, नुकुआलोफाहून, पूर्वेकडे निघून, सगळ्यात लांबचं ठिकाण आधी गाठून, मागे येत शहरात संपवावा. ठिकाणं काळाच्या क्रमाने लागतात आणि परतीची बसही चुकत नाही. दुपारी चारनंतर बसचा भरवसा धरू नका, आणि रविवारी ती नसतेच. गाडी भाड्याने घेणं सोयीचं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते.

पहिला थांबा निउतोउआ गावाजवळचा हाआमोंगा आ माउई, शहरापासून साधारण ३० किमी. दोन उभे दगड, वर खाचेत बसवलेला आडवा दगड, उंची सुमारे ५ मीटर. परंपरा हे काम अकरावा तुई टोंगा (म्हणजे टोंगाचा राजा) तुइतातुई याचं मानते, म्हणजे इ. स. १२००च्या आसपासचं. इथे अर्धा तास पुरतो. किनारा खडकाळ, होड्या लावायला वाईट. राजधानी इथून लगून-काठच्या मुआला हलली त्यामागे हेही कारण सांगतात.

खरा वेळ मुआतल्या लापाहासाठी ठेवावा, किमान दोन तास. परतीच्या वाटेवरच लागतं, शहरापासून सुमारे २० किमी. राजघराण्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी समाधींना इथे लांगी म्हणतात. नुसतं पाहायला गेलात तर गवतात बसवलेले दगड दिसतील आणि वीस मिनिटांत परताल. म्हणून आधी नातं समजून घ्या.

टोंगात बहिणीचा मान भावाहून मोठा. आजही घरच्या लग्नात, मयतात आत्याचा शब्द शेवटचा असतो आणि उत्तम चटया तिच्या किंवा तिच्या मुलांच्या वाट्याला जातात. राजघराण्यात हेच टोकाला गेलं. तुई टोंगा हा देवाच्या वंशातला राजा, पण त्याची बहीण, तुई टोंगा फेफिने, त्याच्याहून वरची. आणि तिची मुलगी तमहा त्या दोघांच्याही वर. गादी मात्र भावाच्या मुलाकडे जायची.

पंचाईत अशी, की एवढ्या मानाच्या बाईचं लग्न लावायचं कोणाशी? एखाद्या टोंगन सरदाराला दिली, तर आईचा मान आणि बापाची माणसं दोन्ही पाठीशी असलेला मुलगा मामाच्या मुलांना डोईजड झाला असता. त्यावरचा तोडगा सतराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. सिनाइताकाला इलांगीलेका हिचं लग्न फिजीहून आलेल्या तापुओसीशी झालं आणि पुढे या बहिणी त्याच फिजीयन मुळाच्या घराण्यात, फाले फिसीत, दिल्या जाऊ लागल्या. वंश बापाकडून मोजायचा, त्यामुळे मुलं परकी ठरली. मान सगळ्यांत मोठा, पण गादीवर हक्क नाही. मोठ्या हुशारीने घातलेलं कुंपण आहे हे.

१७७७ साली कॅप्टन कुक इथे आला तेव्हा त्याने हे डोळ्यांनी पाहिलं. तुई टोंगा पाउलाहोने आपल्या आत्याच्या मुलीपुढे वाकून तिच्या पावलाखाली हात लावला. असा हात लागला की तो धुतल्याशिवाय अन्नाला लावायचा नाही, असा नियम होता. आत्याच्या मुलासमोर तर राजा जेवतही नसे. कुकने तोवर ज्याला सर्वोच्च समजलं होतं, त्याच्याही वर माणसं निघाली.

आता लांग्या बघा. पाएपाए ओ तेलेआच्या कोपऱ्यांपाशी थांबा: दोन दगड जोडण्याऐवजी एकाच दगडातून काटकोन कोरून काढलाय. प्रवाळी चुनखडीचे हे प्रचंड ठोकळे धातूची हत्यारं नसताना घडवले आहेत. जवळच्या नामोआलावर तीन पायऱ्या आणि माथ्यावर दगडी थडग्याची पेटी आहे. ती कधीचीच रिकामी. वर चढू नका. हे स्मशान अजून मानाचं आहे, शिवाय पावसानंतर दगड निसरडे होतात आणि प्रवाळाच्या कडा चपलेतून पाय कापतात. बूट, डासांचं मलम, पाणी हवंच. खांदे-गुडघे झाका, पुरुषांनी सार्वजनिक जागी उघड्या अंगाने फिरणं कायद्याने गुन्हा आहे. काळे कपडे आणि कमरेला चटई गुंडाळलेली माणसं जमलेली दिसली तर मयत आहे असं समजून बाहेरूनच मागे फिरा.

तुओफेफाफा नावाच्या लांगीवर क्रूस दिसेल. शेवटचा तुई टोंगा लाउफिलिटोंगा तिथे आहे. १८२६च्या वेलाताच्या लढाईत तो ताउफाआहाउकडून, म्हणजे पुढच्या राजा पहिल्या तुपोउकडून, हरला, पुढे कॅथलिक झाला, १८६५मध्ये वारला आणि ती पदवी पुन्हा कोणाला दिली गेली नाही. सत्ता तोवर ताउफाआहाउच्या कानोकुपोलू घराण्याकडे गेली होती, तीही बायकांच्याच वाटेने: तुई टोंगाची पट्टराणी त्या घरातून यायची, म्हणजे पुढच्या राजाचं आजोळ तेच. त्यातलीच तुपोउमोहेओफो हिने अठराव्या शतकाच्या अखेरीस तुई कानोकुपोलू हे त्या घराण्याचं प्रमुखपद स्वतःच घेतलं. त्याच घराण्यातल्या तुकुआहोने तिला हटवलं आणि १७९९मध्ये त्याचाच खून होऊन यादवी पेटली.

दुपार कलताना शहरातलं मालाएकुला. १८९३पासूनचे राजे-राण्या इथे आहेत. आत जाता येत नाही, कुंपणातूनच पाहायचं. राणी सालोते तुपोउ तिसरी इथेच आहे. १८७५च्या राज्यघटनेने मुलाला आधी, मुलगा नसेल तर मुलीला वारसा दिला, म्हणून ती १९१८मध्ये अठराव्या वर्षी गादीवर आली आणि १९६५पर्यंत राहिली. तिचा नवरा तुंगी माइलेफिही जुन्या हाआताकालाउआ घराण्यातला. त्यांच्या मुलात, चौथ्या तुपोउमध्ये, तिन्ही राजघराणी (तुई टोंगा, हाआताकालाउआ आणि कानोकुपोलू) एकत्र आली असं टोंगन लोक आवर्जून सांगतात. जे जुन्या तोडग्याने तीनशे वर्षं टाळलं, मान आणि गादी एकाच बाईकडे, ते घटनेतल्या एका कलमाने घडवलं.

मे ते ऑक्टोबर हा बरा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. विमानं ऑकलंड, सिडनी किंवा नांदीमार्गे. तिकीट काढण्याआधी त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा, भारतीय पासपोर्टवाल्यांचं बहुधा तिथेच अडतं. घड्याळ भारतापेक्षा साडेसात तास पुढे. शाकाहाऱ्यांनी 'लू' मागवताना विचारावं: अळूसारख्या पानांच्या पुडीत बहुतेक वेळा मटण किंवा डबाबंद बीफ असतं. रताळी, कोनफळ, विलायती फणस, नारळ मुबलक मिळतात. रविवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.